वेळेवर आलेली गाडी

मु. माधवनगर, १९७५

प्रिय सयाजी,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर वेळी लिहायचे. तुझं अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र शालूआत्यानं वाचून दाखवलं. हे मात्र मी माझ्या हातानं लिहिते, वेळ लागला तरी.

सगळं पत्र आगगाडीचंच. दिल्लीच्या रेल्वे कचेरीत बसून तुम्ही राजधानी एक्स्प्रेसहून जलद गाडी काढणार, मग मुंबईला जायला विमानात कुणी बसणार नाही. विमानतळावर ताटकळण्यापेक्षा गावातनं उचलून गावात सोडणारी गाडी बरी, म्हणतोस. पटलं. विमान काय आपल्या लोणंदला उतरणार आहे? पण शेवटी लिहिलंस, "अशी गाडी तवा असती, तर आबा..." आणि पुढचं खोडलंस. शालू तिथंच अडली. मी म्हटलं, घडी घाल.

गावाकडं ऊस तुटून गेला. माझ्या हंबीरचा, तुझ्या आबाचा, लष्करातला कोट तुझा लालासाहेब चुलता घालतो. आखूड होतो, तरी घालतो.

गाडीवर ढकलू नकोस, सयाजी. तुझा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा लालासाहेबानं तुला तार केली, 'फादर सीरियस'. तो खरंच सीरियस होता. पण आपल्याकडं माणूस गेल्यावरही तारेत तेच लिहितात, वाचणाऱ्याला एकदम धक्का नको म्हणून. तू तेच धरलंस. माती उरकली असणार, आता विमानानं पळून काय करायचं, असं म्हणून राजधानीचा वार यायची वाट बघितलीस. पुण्याला गाडी बदलताना न्हाव्यापुढं बसून मिशी उतरवलीस. बापामागं उतरवतात तशी.

दारात आलास तेव्हा हंबीर खाटेवर टेकून पेज पीत होता. तुझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"उरकून आलास व्हय रं माझं?"

एवढंच बोलला. हसला का, ते मला अजून कळलं नाही. वाटी मी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तो गेला. तेरावं झाल्यावर तू गेलास तो परत फिरकला नाहीस, नुसत्या गाड्या पळवतोस.

गाडीला उशीर झाला नव्हता. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी तूच घातलंस. त्याच्या किडन्या आधीच गेल्या होत्या, मिशीनं माणूस मरत नसतो. मी रडले नाही, तूही नाहीस. घरात त्यावर कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिलं.

आणखी एक. मी शालूकडं पाहुणी म्हणून आलेली नाही. मिरजेच्या डॉक्टरनं पोटातली गाठ बघितली, कापायची वेळ गेली म्हणाला. लालासाहेबाला बजावलंय, माझी तार सरळ करायची. 'सीरियस' आली तर मी जिती हाय, विमानात बस. 'मेली' आली तर तुमच्या गाडीनं ये, जेवून, झोपून, लय घाई नको. आणि मिशी राख. माझ्यासाठी तिला हात लावायचा नाही.

अजून तरी तुझीच,
आजी