अभिमन आबांच्या शेततळ्यातली बुरशी

१९ एप्रिल

पुन्हा मेली! प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा वाढवायला घेतली आणि तिसऱ्यांदा बशीत नुसता हिरवट चिखल. भडगावजवळचं अभिमन आबांचं शेततळं सोडून ही बया कुठे नांदायलाच तयार नाही. पीएचडी माझी, नखरे बुरशीचे!

२३ एप्रिल

तळ्याचं पाणी आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले, जेवायचं राहिलं. शेवाळाच्या हिरव्या गोळीला ही बुरशी मण्यासारखी चिकटते, आतलं सगळं शोषते, फुटते — आणि पिल्लं पोहत पुढच्या गोळीवर. मागच्या खेपेला तुरळक दिसत होती. आज निम्म्या गोळ्या धरलेल्या! असंच चाललं तर पाणी आपोआप निवळेल. औषध नको, काही नको. केळीच्या ठिबकच्या नळ्या शेवाळाने तुंबायच्या थांबतील.

सर सहा मेला तळ्यावर येताहेत. हे काम चालू ठेवायचं की विषय बदलायचा, तिथेच ठरवणार म्हणाले. येऊ देत. डोळ्यांनी बघतील.

३० एप्रिल

आखाजी, इकडची अक्षय्य तृतीया. आबांच्या घरच्या सुंदरअक्कांनी हट्टाने जेवायला बोलावलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, वर निंबाला बांधलेला झोका. त्यांची लेक कोकिळा शिरपूरहून माहेरी आलीय. तिच्या सासरचं तळंही असंच हिरवंगार, ठिबकचा फिल्टर रोज धुवावा लागतो. मग काय, मी बुरशीची अख्खी कथा सांगितली. अक्का म्हणाल्या, "म्हंजे तू पानीना रोग शिकी राह्यनी? माय वं!" सगळ्या हसल्या. मीही.

५ मे

उद्या सर. साडी की ड्रेस? तळ्याच्या काठावर साडी म्हणजे घसरायचं लक्षण. ड्रेस.

६ मे

संपलं.

पाणी निळसर, नितळ. आबा काठावर नवी टोपी घालून उभे, खुशीत. "पाव्हना येनार, आन पानी हिरवं? काय म्हनतीन? परवाच मोरचूद टाकी दिधा. बठ्ठं साफ शे आते!" पाहुण्यांसाठी अंगण सारवावं तसं त्यांनी तळं साफ केलं होतं. शेवाळ मेलं, त्याच्या जिवावर जगणारी बुरशीही मेली.

मी ओरडले आबांवर — सरांसमोर. मग रडले, तेही सरांसमोर! आबांना कळेचना काय चुकलं. टोपी काढून हातात धरली. अक्का पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडू नको वं, मयुरी." सर जाताना हळूच म्हणाले, "एकाच तळ्यात होती, तीही गेली. दुसरा विषय बघा आता."

९ मे

आबांचा राग येत नाही, हीच पंचाईत. माझ्या पाहुण्यांचा मान राखला त्यांनी. फोन केला, तर बिचारे आवाज खाली करूनच बोलत होते. मीच इकडचं तिकडचं विचारून हसवलं.

१२ मे

तळाचा गाळ आणून पाहिला. मेलेलं शेवाळ, बाकी काही नाही. नवा विषय लिहायला बसले. चार ओळी लिहिल्या, फाडल्या. नाही बदलणार! खानदेशात शेततळी काय थोडी आहेत? एकेक बघेन. वर्ष गेलं तरी चालेल.

१७ मे

कोकिळाचा फोन. "ताई, आमना तळानं पानी निवळी गयं वं! काय व्हतं त्या पानीमा?"

कुठल्या पाण्यात? — तर आखाजीनंतर ती सासरी निघाली तेव्हा अक्कांनी कुरडया-पापडांबरोबर आपल्या तळ्याच्या पाण्याचा एक कॅनही भरून दिला होता. लेक माहेराहून जाताना जे मागेल ते द्यायचं! तिने घरी पोचल्याबरोबर तो तळ्यात ओतला. मोरचूद पडायच्या आधीचं पाणी. जिवंत!

दुसरं तळं. तिथे बुरशी मी न सोडताच नांदली.

सरांना उद्या सांगेन. आधी शिरपूर.