सातवी मूठ

शहादा, फेब्रुवारी १९६२

ती. रतिलालदादांस,

मॅट्रिक झाल्यावर आंधळ्या मथुरेला मुंबईच्या आश्रमात ठेव, असं तुम्ही लिहिलंत. मी ठेवणार नाही. शाळा संपली की माझी लेक इथल्या जिनिंग कारखान्यात कापूस पारखायला बसणार.

काल कारखान्याच्या शेटजींनी तिची परीक्षा घेतली. आठ गाड्यांतला मूठमूठ कापूस तिच्या हातात दिला. सातव्या मुठीला ती म्हणाली, "हाऊ वल्ला शे. वजनसाठे पानी मारेल शे." डोळस पारख्यांनी तीच गाडी पास केली होती! शेटजींनी गाडी परत पाठवली आणि मथुरेला कामावर घेतलं.

गाडी कोणाची, हे तिला ठाऊक नाही. मी बैल ओळखले, दादा. तुमची मान खाली जायला नको, म्हणून हे पत्र न धाडता माझ्या पेटीतच ठेवते. पुढच्या खेपेला मात्र कापूस वाळवून पाठवा. पारखायला तुमची भाची असेल.

तुमची धाकटी,
सरला