चाळीस सेकंदांचा विराम

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही ठीक. विद्यापीठात संवादकौशल्य शिकवण्याची माझी तीस वर्षं येत्या गुरुवारी संपतायत. (मला एक गोष्ट धड सांगता येत नाही, असं तुझी भावजय म्हणते. मी ऐकून घेतो. श्रवण हाही आमच्या विषयाचाच भाग आहे.)

विभागात माझं नाव आहे ते विरामामुळे. बोलता बोलता मी मध्येच थांबतो, चष्मा पुसतो, खिडकीबाहेर बघतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. वर्ग चिडीचूप. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात यावर अख्खा पाचवा पाठ आहे, परीक्षेत दहा गुणांना येतो. खरं काय ते जगात आपल्या दोघांनाच ठाऊक. चौथीत वक्तृत्व स्पर्धेत माझी बोबडी वळली, तेव्हा पडद्यामागून पुढचे शब्द तूच पुरवले होतेस. तेव्हापासून मी असाच अडतोय, फक्त पडद्यामागे आता कुणी नसतं. (छंदसुद्धा म्हणूनच समूहगानाचा धरला. मागच्या रांगेत नुसते ओठ हलवले तरी भागतं.)

सोमवारी निरोपसमारंभाची रंगीत तालीम झाली. मी माइकसमोर गेलो, ‘मित्रहो’ म्हणालो आणि पाटी कोरी! चष्म्याची एक काच पुसली, मग दुसरी पुसली, मग पहिली परत. शिपाई माइक बंद पडला समजून तारा तपासायला धावला. विभागप्रमुख बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी. म्हणाल्या, “चाळीस सेकंद! सर, गुरुवारी अगदी अस्संच करा.”

पण गुरुवारी मला खरंच बोलायचंय गं. या मुलांनी तीस वर्षं माझं गप्प बसणंसुद्धा वहीत उतरवून घेतलं. निदान जाताना त्यांचे आभार तरी नीट मानावेत, एवढीच इच्छा आहे. भीती वाटते. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. : भाषणाची प्रत सोबत जोडली आहे. गुरुवारी चारला नक्की ये. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवतो. माझा हात चष्म्याकडे गेला की तू खोक, आणि खोकता खोकता पुढचा शब्द सांग.

पुन्हा ता. क. : खोकल्याचं औषध शुक्रवारपासून घे.