दुसरे रीळ परत न करण्याबाबत

प्रति,
मा. ध्वनी व उपद्रव नियंत्रण अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला
(जिना बंद असल्यास मागील दाराने)

विषय: जप्त केलेले चित्रपटाचे दुसरे रीळ अर्जदारास परत न मिळणेबाबत.
संदर्भ: ‘आपले रीळ तात्काळ घेऊन जावे’ असे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार हा निवृत्त वजनमापे निरीक्षक असून, कोणाच्या गावीही नसलेले जुने परदेशी चित्रपट पाहणे हा त्याचा एकमेव छंद आहे. बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या अडगळीतून त्याने अशी रिळे जमवली आहेत. त्यांत मुखवटे घातलेले पैलवान चालत्या प्रेतांशी कुस्ती खेळतात, रक्तपिपासू सरदार ऐन हल्ल्याच्या वेळी बर्फावर घसरतो आणि अंतराळयान म्हणून जे उडते ते कुकरचे झाकण असल्याचे माजी निरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. एकाही चित्रपटाची भाषा अर्जदारास कळत नाही. सबब गैरसमजास वाव नाही.

२. रविवारी सकाळी हे चित्रपट घरच्या भिंतीवर दाखवले जातात. अर्जदाराची पत्नी पूर्वी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर होती. एकदा ती “बंद करा हो ती भुतं” असे सांगण्यास आली, ती दारातच थबकली आणि भिंतीवरील सरदारीणबाईच्या तोंडी स्वतःची वाक्ये घालू लागली. तेव्हापासून सर्व पात्रांचे बोलणे तीच पुरवते. शेजारीपाजारी आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. किंकाळ्याही तीच मारते, आणि त्या उत्तम मारते.

३. भिंतीपलीकडे दातांचे डॉक्टर आहेत. सदर किंकाळ्या दवाखान्यातूनच येतात असे वाटून रुग्ण बाकावरून उठून जाऊ लागले, म्हणून त्यांनी आपणाकडे तक्रार केली. ती रास्त होती. आपले निरीक्षक आले, सरड्या-माणसाच्या चित्रपटाचे पहिले रीळ त्यांनी मांडी घालून पाहिले आणि मध्यंतरात कर्तव्याची आठवण होऊन दुसरे जप्त केले. पंचनाम्यात ‘चकती, काळी, गोल, एक नग’ अशी नोंद आहे. नग एकच लिहिल्यामुळे पहिले रीळ घरी राहिले.

४. हे पहिले रीळ असे: तळ्यातून एक सरड्या-माणूस बाहेर येतो (पोशाखाची पाठीवरची चेन स्पष्ट दिसते), चिखल तुडवत एका विधवेच्या घरी पोहोचतो आणि दार ठोठावण्यास हात उचलतो. तेथे रीळ संपते. त्या रविवारी मंडळी हिरमुसली. तोच पत्नी कोऱ्या भिंतीकडे पाहून म्हणाली, “या. पण पाय पुसून या. आणि ती शेपटी बाहेरच झटका.” मग अर्जदारास कोपर मारून ती म्हणाली, “बोला की! दरवेळी मीच बोलायचं का?” अर्जदार गडबडला. त्याच्या तोंडून निघाले, “सदर बाब विचाराधीन आहे.” मंडळी पोट धरून हसली.

येथे नमूद करणे क्रमप्राप्त आहे, की अर्जदाराचे घरातील बोलणे त्यापूर्वी बरीच वर्षे कार्यालयीन टिपणीपलीकडे जात नसे. त्या दिवसापासून मात्र दर रविवारी पहिले रीळ लागते, ते संपताच यंत्राचा दिवा मालवतो आणि विधवा व सरड्या-माणूस बोलू लागतात. एकदा विधवा म्हणाली, “लेक परदेशी गेली त्या दिवशी मी पायरीवर बसून होते. तुम्ही आत घड्याळाला किल्ली देत होतात.” चित्रपटात लेक नाही, घड्याळही नाही. कोणी हसले नाही. सरड्या-माणूस म्हणाला, “पायरीवर आलो असतो तर मीच रडलो असतो.” दातांचे डॉक्टर, जे आता दवाखाना बंद ठेवून पुढच्या रांगेत बसतात, चष्मा पुसत राहिले.

गेल्या रविवारी सरड्या-माणसाने धीर करून विचारले, “मी थांबू, की परत तळ्यात जाऊ?” पत्नीने उठून खोलीतला दिवा लावला. “पुढच्या रविवारी सांगते,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

५. अशा नाजूक स्थितीत आपले पत्र आले. अर्जदार चौकशीस आला असता आपल्या लिपिकाने आपुलकीने सांगितले, “घेऊन जा हो. आम्ही सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिलंय. काही नाही त्यात. दार उघडल्या उघडल्या बाई त्याला गोळी घालते, मग शेवटपर्यंत नुसता नाच.”

६. अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे पूर्वी केलेले सर्व अर्ज सुरक्षितपणे प्रलंबित आहेत. तुंबलेल्या गटाराचा अर्ज तर आता गटाराहून जुना वाटतो. मग याच एका प्रकरणी ही घाई का? आपण लौकिकास जागून रीळ गहाळ करावे, चुकीच्या विभागाकडे पाठवावे अथवा समिती नेमावी, ही नम्र विनंती. तक्रारदार डॉक्टरांचे ना-हरकत पत्र जोडले आहे.

आपल्या दिरंगाईचा मनःपूर्वक अभिलाषी,
(सही)
अर्जदार
शुक्रवार

ता. क.: आवक खिडकी शुक्रवारी बंद होती, त्यामुळे हा अर्ज सोमवारी दाखल होत आहे. मधला रविवार पार पडला. दिवा मालवल्यावर सरड्या-माणसाने प्रश्न पुन्हा विचारला. विधवा म्हणाली, “जायचं तर दोघं जाऊ तळ्यात. मला पोहता येतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.”

तरी रीळ ठेवावे वा द्यावे, आपली मर्जी. मात्र येते काही रविवार ते घेण्यास अर्जदार घरी सापडणार नाही. त्याला पोहता येत नाही, आणि शिकवणारी फार कडक आहे.