नुसता नावाचा पेपर

वाघोली, पुणे
१२ फेब्रुवारी

आदरणीय बाबा,
जयभीम.

मी बरी आहे. पाण्याचा टँकर वेळेवर येतो आणि आईचं तिखट अजून महिनाभर पुरेल. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही स्टीलच्या डब्यातून पाठवलेली मिरचीच्या वावरातली माती पोचली. आमच्या लॅबमध्ये मॅडमनी ती मलाच तपासायला दिली. मूठभर मातीत प्लॅस्टिकचे एक्केचाळीस कण निघाले, सगळे काळे-चंदेरी. म्हणजे आपण वाफ्यांवर अंथरतो त्या मल्चिंग पेपरचेच.

पहिल्या वर्षी तो वावरातून काढायचा का, हे तुम्ही मला विचारलं होतं. मी तेव्हा बारावीत होते आणि घरातली हुशार होते. नावातच पेपर आहे, कुजेल, असं मी सांगितलं. तुम्ही पाच वर्षं त्यावर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून तो मातीत मिसळला. बाबा, ते प्लॅस्टिक आहे. कुजत नाही, फक्त बारीक होतं.

घाबरू नका. इथे असे कण मिसळलेल्या कुंड्यांत मिरचीची मुळं आखूड राहिली, पण झाडं जगली. आपली मिरची लहान राहते ती यामुळेच का, हे अजून सांगता येत नाही. फळात कण जातात का, तेही नाही. मी तिखट रोज खाते.

शेवटचा तोडा झाला की लगेच रोटाव्हेटर लावू नका. मी चार दिवस सुट्टी काढली आहे. आधी पेपर हाताने गोळा करू.

काल मॅडमनी विचारलं, "हे कुजतं असं यांना कुठल्या शहाण्याने सांगितलं?" मी म्हटलं, गावातलंच असेल कुणीतरी.

तुमची,
सोनाली