तिसरा भाग कोणी नेत नाही

२ जानेवारी १९९६, मंगळवार

आलो एकदाचे. लालबागच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन कार्टी आणि आम्ही दोघं अशी तीन वर्षं काढल्यावर शांतीनगरचा हा वन बीएचके मला मैदानच वाटतोय. दुसरा मजला, मागच्या खिडकीतून लांबवर मिठागरं. सकाळी दूध उतू घातलं, देव मांडले. नीरजने दारावर नावाची पाटी ठोकली, ती वाकडी ठोकली. मी तसं म्हटलं, तर म्हणाला की घर सरळ आहे ना, मग झालं. दाढी करताना तो बेसूर गातो. चाळीत सगळे हसायचे म्हणून पुटपुटायचा, आज इथे गळा मोकळा सोडून गायला. मला फार बरं वाटलं.

ही डायरी त्यानेच दिली, ऑफिसात नव्या वर्षाची मिळालेली. दिवसभर बोलायला कोणी सापडलं नाही तर हिचं डोकं खा, म्हणाला.

संध्याकाळी समोरच्या अनसूयाकाकू पाण्याचा हंडा घेऊन आल्या. इथे नळाला पाणी येणं म्हणजे लॉटरी. टँकर आला की बादल्या घेऊन खाली पळायचं, आणि दारात कोणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हा बिल्डिंगचा रिवाज आहे, असं त्यांनी बजावलं. निघताना विचारलं, वाचायची आवड आहे का. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी त्यांच्या माहेरचीच निघाले.

५ जानेवारी, शुक्रवार

घर खायला उठतं म्हणतात ते आज कळलं. नीरज गेला की दुपारपर्यंत सगळं आटपतं, मग मी या खिडकीतून त्या खिडकीत. ओटा पुसला, पुन्हा पुसला. चाळीत दुपारी निदान जावेशी भांडता तरी यायचं.

शेवटी खाली उतरले. बिल्डिंगच्या गाळ्यात शशिकांत म्हणून एक जण लायब्ररी चालवतो. मी तोंड उघडायच्या आत त्याने पुस्तक पुढे केलं, ‘दुपारचा पाहुणा’. शांतीनगरात प्रत्येक बाई आधी हेच मागते म्हणाला. मागणी इतकी की त्याने कादंबरी उसवून तीन भागांत बांधून घेतलीय, म्हणजे एका वेळी तीन घरांत फिरते. पहिल्या दोन भागांची पानं हाताळून मऊ पडलेली, कडेला तेलाची बोटं, मध्येच गजऱ्यातलं वाळलेलं फूल. तिसरा भाग मात्र कोरा करकरीत. तो का असा, विचारलं.

"तिसरा भाग कोणी नेत नाही, वहिनी. शेवट आवडत नाही बायकांना."

मीही दोनच भाग आणले.

९ जानेवारी, मंगळवार

दोन्ही वाचून झाले. लाज वाटते आणि ठेववत नाही, असलं पुस्तक आहे. इंद्रसेन नावाचा कुणी सरदार, दीड-दोनशे वर्षांपूर्वी मेलेला. तो रात्रीबित्री येत नाही. भर दुपारी येतो, पुरुष कामावर गेले, भांडी घासून झाली, की दारात उभा राहून पाणी मागतो. पण सगळीकडे नाही जात. चारचौघींत जिने नवऱ्याच्या जागी त्याचं नाव घेतलं, तिच्याकडेच. मग तिचा हात हातात घेतो, बांगड्या एका बोटाने वर सारतो आणि नाडी उडते तिथे ओठ टेकवतो. पानंच्या पानं नुसतं एक मनगट, आणि वाचताना माझा घसा कोरडा.

तिला ओरखडासुद्धा उठत नाही. खूण उठते ती नवऱ्याच्या मनगटावर. कृष्णाजी त्याचं नाव, कचेरीत कारकून. बिचारा पानागणिक वाळत जातो. मला त्याचं फार काही वाटलं नाही, खरं सांगते. कधी एकदा त्याचा खोकला संपतो आणि दुपार होते, असं होत होतं.

काकूंकडे दुपारी चार-पाच जणी जमून हेच वाचतात. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनना मराठी भराभर वाचता येत नाही, म्हणून काकू मोठ्याने वाचतात, आणि हंसाबेन पुन्हा पुन्हा म्हणतात, "वो चूडीवाला फिरसे पढो ना." तिसऱ्या मजल्यावरची मनाली पूर्वी यायची म्हणे. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला. हे काकूंनी आवाज उतरवून सांगितलं आणि पान उलटलं.

१७ जानेवारी, बुधवार

आज काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. मी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसले. नाव घ्या, नाव घ्या सुरू झालं. एकेकीने तेच ते, रुपेरी ताटं आणि जाईच्या वेली. मी बिल्डिंगमध्ये नवीन म्हणून मला शेवटी उभं केलं. काय सुचलं देव जाणे, माझ्या अंगात आधीपासून किडा आहेच.

तिळात घातला गूळ, गुळात घातली वेलची,
इंद्रसेनरावांचं नाव घेते, वाट बघते दुपारची.

काकूंचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी थांबलं. मग अशा हसल्या सगळ्या की भिंती हलल्या. हंसाबेनने मला मिठीच मारली. नीरजला रात्री सांगितलं तर तोही हसला, म्हणाला, मग मी काय करू आता? मी म्हटलं, तू भाजी आण.

१८ जानेवारी, गुरुवार

दुपारी बेल वाजली. दारात एक माणूस, पांढरे कपडे, इतक्या उन्हातून येऊन घामाचा टिपूस नाही. पाणी मागितलं. मी फुलपात्र भरून आणलं. त्याने ते घेतलं नाही, माझा हात घेतला.

मी हात ओढला नाही. हे इथेच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. किती वेळ गेला कळलं नाही. नंतर फुलपात्र उंबऱ्याजवळ तसंच भरलेलं होतं आणि माझ्या मनगटावर काही नव्हतं.

कोणीतरी चेष्टा केली असणार. काकूंनी एखाद्याला पाठवलं असेल. पण चेष्टा करणाऱ्याचे ओठ इतके गार असतात का?

नीरज आला, हात धुताना घड्याळ काढलं. पट्ट्याखाली दोन लाल ठिपके. पट्टा चावतोय म्हणाला.

२० जानेवारी, शनिवार

रोज येतो. सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. भाजी निवडते, देठं टोपात आणि पानं कचऱ्यात. वेणी घालते, सोडते, पुन्हा घालते. जिन्यात पाऊल वाजलं की छातीत धस्स होतं, आणि ते पाऊल वर निघून गेलं की रडू येतं. म्हणजे मला भीती कशाची वाटतेय, तो येण्याची की न येण्याची, तेच समजत नाही.

नीरज आज लवकर आला आणि बूट न काढता झोपला. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, टॉनिक दिलं. दाढी करताना गायला नाही. मी त्याच्यासाठी शेंगदाणे भाजले. भाजताना डोळे घड्याळाकडे होते.

२२ जानेवारी, सोमवार

टँकरच्या रांगेत मनाली मुद्दाम माझ्यामागे उभी राहिली. हळूच विचारलं, "येतो ना तो?"

हातातली कळशी सुटली माझ्या. तिनेही गेल्या संक्रांतीला नाव घेतलं होतं, माझ्यासारखंच, गमतीत. तिच्या नवऱ्याचं काय झालं, विचारलं. होळीला गेला, एवढंच बोलली. मग तीच मला विचारत सुटली. कोणत्या खुर्चीत बसतो? बांगड्या अजून एकाच बोटाने सारतो का? तू नाव घेतलंस आणि माझ्याकडचं येणं बंद झालं, म्हणाली. राग नव्हता, मला वाटलं आता रडेल. नवऱ्याबद्दल पुन्हा एक शब्द नाही.

मी विचारलं की यातून सुटायचं कसं. तिसऱ्या भागात आहे म्हणाली. मग तू का नाही सुटलीस? ती बादली उचलून निघून गेली.

२३ जानेवारी, मंगळवार

तिसरा भाग आणला. शशिकांतने दोनदा विचारलं, हाच ना?

सोपं आहे. ती बाई रथसप्तमीच्या आत, हळदीकुंकू संपायच्या आत, त्याच बायकांसमोर पुन्हा उभी राहते आणि नवऱ्याचं नाव घेते. बस. इंद्रसेन जिना उतरून जातो तो कायमचा. कृष्णाजी अंथरुणातून उठून भाकरी मागतो. शेवटच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, मूर्ख बाई. खाली दुसऱ्या अक्षरात, खरंच.

रथसप्तमी शुक्रवारी आहे. काकूंकडे शेवटचं हळदीकुंकू आहे. मी नाव घेणार. उखाणासुद्धा तयार केला —

हळदीला शोभतं कुंकू, पोळीला शोभतं तूप,
नीरजरावांचं नाव घेते, जीव लावतात खूप.

खरंच लावतो. चाळीत माझ्यासाठी आईशी भांडला. हे घर माझ्यासाठी घेतलं. नीरज मरता कामा नये. नीरज मरता कामा नये.

२४ जानेवारी, बुधवार

बेल वाजली. उघडलं नाही. कानात बोटं घालून मोरीत बसले.

मग वाजायची थांबली. ते जास्त वाईट — धावत जाऊन दार उघडलं. कोणी नाही. संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावरच बसून —

नीरजचे ठिपके आज सुकलेत. म्हणजे उघडलं नाही तर — म्हणजे खरंच माझ्याच हातात आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

उघडलं.

नीरज आज घरीच होता. आत झोपलेला. तरी उघडलं.

नंतर तो उठून आला, आज पाटी सरळ करतो म्हणाला, वेळ आहे तर. स्क्रू-ड्रायव्हर हातातून दोनदा पडला. स्टुलावर बसून हसला. मला विचारतो, तुझा चेहरा का असा? बरं नाहीये का तुला? मला विचारतो.

पाटी वाकडीच आहे.

उद्या. उद्या नक्की.

२६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी झेंडावंदन. नीरजला उभं राहवलं नाही, जिन्यात बसून राहिला. मी त्याला सांगितलं, आज सगळं नीट होईल. त्याने विश्वास ठेवला.

दुपार. काकूंकडून आताच आले.

नाव आठवलंच नाही असं लिहिणार होते. खोटं. ओठांवर होतं. तूप, खूप, सगळं पाठ होतं. काकूंनी कुंकू लावलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या — श्वास धरून — दाराबाहेर जिन्यात मनाली उभी. कोणालाच तिसरा भाग नको होता. आणि मला उद्याची दुपार दिसली. पुसलेला ओटा. मिठागरं. कोणीच येणार नाही.

वेलचीवालंच म्हटलं. पूर्ण म्हटलं. मोठ्याने.

कोणी हसलं नाही. हंसाबेनने डोळे पुसले —

नीरज आतून हाक मारतोय. पाणी मागतोय. घशाला कोरड पडलीय म्हणतो.

फुलपात्र भरलं.

बेल वाजली.

टँकर आला नाही, हंड्यात तळाला एवढंच पाणी होतं. दोघंही पाणीच मागतायत. नीरज विचारतोय, रसिका, कोण आलंय? उठायला बघतोय, उठवत नाही त्याला. मी फुलपात्र घेऊन मध्ये उभी आहे, डायरी ओट्यावर, एका हाताने लिहितेय — पुन्हा विचारतोय, कोण आहे गं? मी त्याला म्हटलं, कोणी नाही, तू पड — आणि बांगड्या मीच वर —