फुली मारलेली नावं

प्रिय आण्णा,

सुनेनं सासऱ्याला मामा म्हणायचं असतं. पण सगळं गाव तुम्हाला आण्णा म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणत आले आणि तुम्ही कधी अडवलं नाही. तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. एवढ्या दिवसांत लिहायला बसले नाही, कारण मनात होतं ते काही कौतुकाचं नव्हतं. दोन महिन्यांमागं आपल्या गावात ग्रामसभा झाली. खरीखुरी! माणसं आली, बसली, भांडली आणि चार तासांनी घरी गेली. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

हसू नका. ग्रामसभा कशी असते हे मला तुम्हीच शिकवलंत की! शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघर फिरणार, माणसं जेवता जेवता डाव्या हाताचा अंगठा उठवणार, झाली ग्रामसभा.

आठवतंय, सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं तो दिवस? तुम्ही दोनदा सरपंच झालेले. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "राजमती, फॉर्म भरायचा हाय. आधारकार्ड काढ." मी भाकरी थापत होते. मला वाटलं गॅसचा फॉर्म असंल!

आणि निकालाच्या दिवशी निवडून आले मी, हार पडले तुमच्या गळ्यात! मी आपली माडीवरून बघत होते. पुढं ऑफिसातही तसंच. खुर्ची माझी, पण बसायचा तुम्ही, आणि मी शेजारच्या स्टुलावर. का हो आण्णा? मला एकदाही बसावंसं वाटलं नसेल का?

तरी तुमच्यावर रागावून राहणं जमत नाही. पहिल्या भाषणाला मी मान खाली घालून उभी राहिले तेव्हा तुम्हीच कानाशी येऊन म्हणालात, "खाली बघू नकोस. खाली काय पडलंय तुझं?" माझा बाप असता तर तोही एवढंच बोलला असता.

पण ती निवडणूक! आपलं जैनांचं घर. चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही. आणि तुम्ही उसाच्या फडाकडेला गावजेवण घातलंत, मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. तुम्ही बांधावर पातेल्यांकडं पाठ करून बसला होता, मांडीवर दहीभाताचा डबा. आणि तसंच पाठमोरं ओरडून विचारत होता, "मीठ पुरंसं हाय न्हवं?" गाव अजून त्यावर हसतं. मीही हसले होते. पुढं गटारीचं काम ज्यानं बकरी पुरवली त्यालाच मिळालं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी पैशांची पाकिटं गेली. निम्मी तालुक्याच्या पुढाऱ्यानं धाडली, निम्मी आपल्या ऊसबिलातनं. वाटायला तुमचा पुतण्या, अजितभाऊजी. बहुतेक पाकिटं खपली, थोडी परत आली. त्यातलं एक हौसाक्काचं. ओढ्याकडेला पत्र्याच्या खोलीत राहते, दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, तीच. भाऊजींना म्हणाली होती, "ठेव तुझ्याकडंच. माझं मत काय कोंबडी हाय व्हय, इकायला?"

भाऊजी लालबुंद होऊन आले. तुम्ही शांतपणे पेन काढलंत आणि म्हणालात, "गेलं ते मत."

तुम्ही गेल्यावर तुमचं कपाट आवरताना ती मतदारयादी हाताला लागली. तुमचं अक्षर. नावांपुढं बरोबरच्या खुणा, आणि अकरा फुल्या. का कोण जाणे, मी घरकुलाची जुनी यादी काढली, सरकारी घरं कुणाला द्यायची ती, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. फुलीवालं एकही नाव त्यात नव्हतं. हौसाक्काचंही नाही. स्लॅबवाले, ट्रॅक्टरवाले होते. खाली सही कुणाची? माझी!

तुम्ही बोट ठेवलंत तिथं मी सही केली. वाचलं नाही. वाचता येतं की मला, आण्णा. सून बी.ए. झालीय म्हणून पावण्यांना तुम्हीच छाती फुगवून सांगायचा. मग मी का नाही वाचलं? हा प्रश्न तुम्हाला नाही, मलाच आहे.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकडं गेले. पुरात हौसाक्काच्या खोलीची मागची भिंत गेलेली. दोन पावसाळे बाईनं तिथं फ्लेक्स बांधून काढले. त्या फ्लेक्सवर कोण होतं माहिताय? मी! हात जोडलेली, डोक्यावर पदर. 'आपल्या हक्काच्या उमेदवार'. पाऊस माझ्या तोंडावर झेलून म्हातारी आत झोपत होती. मला हसावं का रडावं कळेना. शेवटी रडलेच. तिनं आतनं पाण्याचा तांब्या आणून दिला.

यंदा घरकुलाची नवी यादी आली. भाऊजींनी ती आधीच 'जुळवून' आणलेली. त्यात त्यांच्या बायकोचंही नाव, दुमजली घर असताना! मी हौसाक्काचा विषय काढला तर म्हणाले, "वैनी, पुढल्या वर्षी इलेक्शन हाय. ह्यातली माणसं बिथरली तर डिपॉझिट जाईल. आणि हौसाक्का आपली न्हवं." तुमचे चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, "आण्णा असते तर असं केलं असतं का?" मी म्हटलं, "आण्णा नाहीत. सरपंच मी आहे." म्हटलं आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

मग मी दवंडी दिली. मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला, माईक लावला आणि सांगितलं, यादी मोठ्यानं वाचणार. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं आणि डोक्यावर छप्पर कसलं आहे ते सगळ्यांसमोर सांगायचं. बास, एवढंच.

पहिलं नाव वाचलं आणि माणूस उठायच्या आधीच गाव ओरडलं, "स्लॅब! वर टाइल्स!" दुसरे गृहस्थ उठून म्हणाले, "स्लॅब हाय, पण गळतोय की ओ!" बायकांतनं आवाज आला, "मग डांबर लावा की! घरकुल कशाला?" हशाच हशा. चौघांनी आपणहून नावं काढून घेतली. एक जण तर माईकवर येऊन म्हणाला, "माझं नाव कुणी घातलं ते मलाच ठाऊक न्हाय." धादांत खोटं! पण चाललं.

मग भाऊजींच्या बायकोचं नाव आलं. माणसं भाऊजींकडं वळून बघायला लागली. मला खाली बघावंसं वाटलं, पण तुमचं वाक्य आठवलं आणि मी समोर बघत राहिले. भाऊजी ताडकन उठले, चपला फटफटवत निघून गेले. त्यांची बायको मात्र बायकांत उभी राहिली. "आमचं नाव काढा. मला लाज वाटतीया," म्हणाली आणि खाली बसली.

शेवटी मी हौसाक्काचं नाव घेतलं. ते आधी यादीत का नव्हतं ते सांगितलं. पाकीट परत केलं म्हणून फुली पडली, फुली आण्णांची आणि सही माझी. तुमचं नाव घेताना जीभ अडखळली आण्णा, पण घेतलं. माफ करा. ते झाकून ठेवून पुढचं काहीच खरं सांगता आलं नसतं.

हौसाक्का मागनं उठली. कमरेवर हात, आवाज तर तुम्हाला ठाऊकच आहे.

"आगं बया, मत तुलाच दिलं हुतं की!"

मला कळेचना. म्हटलं, "आणि पाकीट?"

"पैसं न्हाई घेतलं म्हंजी मत न्हाई दिलं, ह्यो कसला हिशेब तुमचा? तुझ्या सासऱ्यानं माझ्या दारात नळ आणला, म्हणून दिलं. पैसं घेऊन दिलं असतं तर तिथंच फिटलं असतं. फुकट दिलं, म्हणून तर आज इचारायला आलीया. माझं घर कुठं हाय?"

आण्णा, ऐकलंत का? पाण्याच्या टाकीसाठी तुम्ही आपली अर्धा एकर जमीन दिली होती, तीही फुकट. तेव्हा कुणाच्या नळाला पाणी द्यायचं नि कुणाच्या नाही, असं काही बघितलं नव्हतंत. त्याच नळानं तुम्हाला मत दिलं होतं! आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्याच्यावर फुली मारलीत. एवढे हुशार तुम्ही, गावातल्या प्रत्येक घराची खबर तुम्हाला. पाकिटाशिवायही कुणी आपल्याला मत देईल, एवढंच कसं वाटलं नाही हो? मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलंच, पण तुमच्यासाठी जास्त. हे कळायच्या आधीच तुम्ही गेलात.

बाकीच्या दहा फुलीवाल्यांनी मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. भिंत नसलेल्या माणसाला ते विचारायचं कामच काय? त्यातल्या सहा जणांची घरं खरोखरच पडकी निघाली, त्यांची नावं यादीत गेली. पहिलं नाव हौसाक्काचं. मंजुरी आली, पहिला हप्ता पडला, पाया आखायला चुन्याची फक्की टाकून झाली. त्या फक्कीवरनं म्हातारी कोंबड्यांना पाय ठेवू देत नाही!

भाऊजी अजून बोलत नाहीत. पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला, "यंदा आम्ही दुसरा उमेदवार बघतोय," म्हणाला. मी त्याला चहा दिला. पडेन कदाचित. पण त्या सभेपासनं ओढ्याकडेच्या बायका वाटेत थांबवून पुढची ग्रामसभा कधी विचारतात, आणि आमच्या रस्त्याचं काय म्हणून डोळे वटारतात. असं आजवर आपल्या घराला कुणी विचारलं होतं का?

तर आण्णा, तुम्हाला शब्द देते. पुढल्या निवडणुकीला आपल्या घरातनं एकही पाकीट जाणार नाही, फडाकडेला पातेलंही चढणार नाही. ऊसबिल घरात राहील. दारोदार मी स्वतः जाईन, रिकाम्या हातानं. थोडी मतं मिळाली तर थोडी. पण ज्यानं दिलं असेल त्यानं कमरेवर हात ठेवून माझ्या दारात यावं आणि माझं घर कुठं हाय म्हणून ओरडावं. मी दार उघडीन.

तुमची,
राजमती